विंडोज अकरावर नेल्यानंतर सी ड्राइव्ह भरला: जुन्या विंडोजच्या उरलेल्या फाइली कशा काढायच्या

तापीकाठ (भुसावळ)

राम राम मंडळी. विंडोज दहाची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. आपल्याकडच्या सेवा केंद्रांत, डीटीपीच्या दुकानांत, अडतीवर, जिनिंगच्या ऑफिसात जे संगणक अकरावर नेले जातात, त्यांत १२८ जीबीची एसएसडी फार. ती विंडोजमध्ये ११९ जीबीच दिसते, कारण बनवणारे हजाराने मोजतात आणि विंडोज १०२४ ने. त्यात टॅली, ब्राउझर, स्कॅन केलेले दाखले आणि वरून अपग्रेडने बाजूला ठेवलेलं अख्खं जुनं विंडोज. पट्टी लाल होणारच.

सगळ्यात मोठा वाटा सी ड्राइव्हवरच्या 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरचा. साधारण १० ते ३० जीबी, जुन्या विंडोजमध्ये काय काय भरलं होतं त्यावर. त्याच्या शेजारी डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारं 'विंडोज टिल्ड बीटी' असतं, ते लपवलेलं असतं. कधी 'टिल्ड डब्ल्यूएस', कधी 'ईएसडी' नावाचंही सापडतं.

पहिले १० दिवस या फोल्डरांना हात लावू नका. सेटिंग्ज → सिस्टिम → रिकव्हरीमध्ये 'गो बॅक' हे बटण आहे, ते दाबून जुन्या विंडोजवर परत जाता येतं. त्यासाठी विंडोज डॉट ओल्ड आणि टिल्ड बीटी ही दोन्ही फोल्डरं जशीच्या तशी लागतात. एक काढलं तरी परतीची वाट बंद. १० दिवसांनंतर विंडोज स्वतःच ते साफ करतं, फक्त त्याला मोकळा वेळ मिळायला हवा. संध्याकाळी काम संपताच ज्याचा मेन स्विच पाडला जातो, त्या संगणकावर हे फोल्डर पुढेही पडून राहिलेलं दिसतं.

१० दिवस कमी वाटत असतील तर मुदत ६० पर्यंत वाढवता येते. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि द्या (इथे ३० दिवसांसाठी):

डीआयएसएम /ऑनलाइन /सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो /व्हॅल्यू:३०

(आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय. टाइप करताना रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडे. आडवी रेघ जिथे दाखवलीय तिथेच द्यायची, बाकी शब्द जोडून.) ही आज्ञा मुदतीच्या आतच चालते. फोल्डर एकदा गेल्यावर मुदत वाढवून ते परत येत नाही.

सगळं तपासून झालं, परत जायचं नाही असं ठरलं, की काढायचा सरळ मार्ग: सेटिंग्ज → सिस्टिम → स्टोरेज → टेम्पररी फाइल्स. यादी तयार व्हायला मिनिट-दोन मिनिटं लागतात. त्यात 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन'वर खूण करा, 'विंडोज अपडेट क्लीनअप' आणि 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन फाइल्स'वरही करा. 'डाउनलोड्स'वरची खूण मात्र नक्की काढलेली असू द्या. ती याच यादीत येते, आणि आपल्याकडे निम्म्या गिऱ्हाइकांची कागदपत्रं डाउनलोड्समध्येच असतात. तिथून गेलेली फाइल रिसायकल बिनमध्ये सापडणार नाही.

केळीपट्टा (रावेर)

भलती कामनी माहिती शे, भाऊ. एक विचारायचं होतं. विंडोज डॉट ओल्ड सरळ शिफ्ट-डिलीट केलं तर 'परवानगी नाही' येतं. यूट्यूबवर दोन आज्ञा सांगतात, 'टेकओन' आणि 'आयकॅक्ल्स', त्याने मालकी आपल्याकडे घेऊन फोल्डर उडवायचं. ते बरोबर का?

पांझरा_सर्व्हिस (धुळे)

नका करू, दादा. विंडोज डॉट ओल्डच्या आत 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज'सारख्या काही नोंदी फोल्डरसारख्या दिसतात, पण ते नुसते दुवे असतात. त्यांना जंक्शन म्हणतात. त्यांत पत्ता पूर्ण लिहिलेला असतो, म्हणून जुन्या फोल्डरात बसूनही ते आत्ताच्या चालू 'सी:\यूझर्स'कडेच बोट दाखवतात. टेकओनला आतल्या सगळ्या फोल्डरांत शिरायला सांगितलं, की ते या दुव्यांतून बाहेर पडून चालू विंडोजच्या फाइलींची मालकी बदलू शकतं. लगेच काही कळत नाही. पुढे स्टार्ट मेनू उघडत नाही, स्टोअरची अ‍ॅप्स चालत नाहीत, अपडेट अडकतं, आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

सेटिंग्जमधून निघत नसेल तर रन पेटीत 'क्लीनएमजीआर' लिहा (म्हणजे डिस्क क्लीनअप उघडतं), सी ड्राइव्ह निवडा आणि 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स' दाबा. हे दाबल्याशिवाय जुन्या विंडोजची ओळ यादीत येतच नाही, बरेच लोक इथेच थांबतात. तरीही निघालं नाही तर एखादी फाइल वापरात आहे असं धरा. संगणक सेफ मोडमध्ये सुरू करून तेच परत करा.

अगदीच अडलं तर विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून बूट करा, शिफ्ट आणि एफ१० दाबून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'आरडी /एस /क्यू' ने फोल्डर काढा. त्या वेळी चालू विंडोज झोपलेलं असतं, म्हणून परवानग्यांचा घोळ होत नाही. मात्र तिथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात. आधी 'डीआयआर' देऊन आपण कुठे आहोत ते बघा, मगच पुढची आज्ञा. बिटलॉकर (ड्राइव्ह कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ड्राइव्ह उघडायला रिकव्हरी की लागेल, ती आधीच लिहून ठेवा.

अक्षरजुळणी (अमळनेर)

डीटीपीवाल्यांसाठी वेगळं सांगायला हवं. फाइली ठेवून अपग्रेड केलं असेल तर फॉन्ट सहसा जागच्या जागी राहतात. पण ड्राइव्ह फॉरमॅट न करता नव्याने विंडोज टाकलं असेल, तर जुने सगळे मराठी फॉन्ट 'विंडोज डॉट ओल्ड'मधल्या 'विंडोज\फॉन्ट्स'मध्ये गेलेले असतात. लग्नपत्रिका आणि कार्यअहवालांच्या जुन्या फाइली त्या फॉन्टांशिवाय उघडल्या तर पानभर निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसतात, कारण ते फॉन्ट युनिकोड नाहीत. विंडोज डॉट ओल्ड गेलं की फॉन्टही गेले.

म्हणून आधी ते बाहेर काढा. फॉन्टचं फोल्डर एक्सप्लोरर वेगळ्या पद्धतीने दाखवतो, त्यामुळे कमांड प्रॉम्प्टमधून 'कॉपी' आज्ञेने सगळ्या टीटीएफ फाइली डी ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या. त्यातले हवे तेवढे निवडा, राइट क्लिक करा आणि 'इन्स्टॉल फॉर ऑल यूझर्स' घ्या. नुसतं 'इन्स्टॉल' घेतलं तर फॉन्ट त्या एका वापरकर्त्याच्या खात्यात बसतो आणि पेजमेकर किंवा जुन्या कोरलला तो दिसत नाही. "फॉन्ट टाकला तरी येत नाही" या तक्रारीचं कारण पुष्कळदा एवढंच असतं. अकरामध्ये हा पर्याय कधी 'शो मोअर ऑप्शन्स'च्या खाली असतो.

मंगल फॉन्टचं प्रकरण निराळं. नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये मराठी भाषा जोडलेली नसेल तर मंगल येत नाही. निर्मला तेवढा येतो. 'ऑप्शनल फीचर्स'मध्ये जाऊन 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' घ्या. मंगल, कोकिळा, उत्साह, अपराजिता सगळे एकत्र येतात. त्यासाठी जुन्या फोल्डरात हात घालायची गरज नाही.

डोंगल किंवा नोंदणी-की लागणारं मराठी सॉफ्टवेअर नुसतं कॉपी करून चालत नाही. ते मूळ सीडीवरून पुन्हा टाका.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

टॅलीचंही असंच आहे. टॅली प्राइमचा डेटा मुळात 'सी:\यूझर्स\पब्लिक\टॅलीप्राइम\डेटा'मध्ये असतो. नव्याने विंडोज टाकलं तर 'यूझर्स' पूर्ण विंडोज डॉट ओल्डमध्ये सरकतं, म्हणजे कंपन्यांचा सगळा हिशेब त्याच्या आत. याउलट जुनं ईआरपी नाइन सी ड्राइव्हच्या मुळाशी स्वतःचं फोल्डर करून बसलेलं असेल तर ते जागेवरच राहतं, कारण विंडोज, प्रोग्रॅम फाइल्स, प्रोग्रॅमडेटा आणि यूझर्स एवढंच उचललं जातं.

जुन्या 'यूझर्स'मधून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स हे चारही बघा. क्रोमचे बुकमार्क तिथून घेता येतात. पासवर्ड मात्र नव्याने टाकलेल्या विंडोजवर कॉपी करून उघडत नाहीत, ते जुन्या खात्याच्या कुलूपात बंद असतात.

सेवाकेंद्र_शहादा

आमच्याकडे अंगठ्याचं यंत्र, डिजिटल सहीचा टोकन, पासबुक छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, वेबकॅम असं सगळं आहे. हे चाललं की झालं असं समजायचं का?

पांझरा_सर्व्हिस (धुळे)

ताई, नुसतं जोडून दिवा लागला एवढ्यावर थांबू नका. अंगठ्याच्या यंत्रावर प्रत्यक्ष एक पडताळणी करून बघा. आरडी सर्व्हिस (अंगठ्याचं यंत्र आधार पडताळणीला जोडणारा प्रोग्रॅम) चालू दिसते, पण ड्रायव्हर जुना असेल तर ऐनवेळी अंगठा घेत नाही. टोकनवर खरी सही करून पीडीएफ उघडा. सहीचं प्रमाणपत्र टोकनमध्येच असतं, ते विंडोज डॉट ओल्डबरोबर जात नाही, त्याची काळजी नको. जातो तो ड्रायव्हर. प्रिंटरवर एक पान पूर्ण छापा, कारण डॉट मॅट्रिक्सला विंडोजने स्वतःचा साधा ड्रायव्हर लावला असेल तर समास सरकतात.

एवढं झाल्याशिवाय विंडोज डॉट ओल्ड काढू नका. एखाद्या यंत्राचा ड्रायव्हर अकरासाठी निघालेलाच नसेल तर परत जाणं हाच मार्ग उरतो, आणि मुदत वाढवली नसेल तर तो १० दिवसच उघडा असतो. दाखल्यांच्या गर्दीचे महिने सोडून अपग्रेड करा, म्हणजे तपासायला उसंत मिळते.

डिस्क क्लीनअपमध्ये 'डिव्हाइस ड्रायव्हर पॅकेजेस' अशीही ओळ येते. ती जुन्या आवृत्त्या काढते. जुनी यंत्रं जोडलेली असतील तिथे ती ओळ सोडून द्या. वाचणारी जागा थोडी आणि डोकेदुखी मोठी.

सातपुडापायथा (यावल)

विंडोज डॉट ओल्ड गेलं तरी 'विंडोज' फोल्डरात 'विनएसएक्सएस' नावाचं काही आहे, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये १२-१३ जीबी दिसतात. ते काढलं तर?

तापीकाठ (भुसावळ)

ते हाताने मुळीच काढायचं नाही, भो. विंडोज पुन्हा सुरू होणार नाही.

दिसणारा आकडाही खरा नसतो. विनएसएक्सएस हे विंडोजच्या सुट्या भागांचं कोठार. त्यातल्या बऱ्याच फाइली सिस्टिम३२ मध्येही दिसतात, पण डिस्कवर त्या एकदाच असतात. एकाच फाइलला दोन नावं, याला हार्ड लिंक म्हणतात. एक्सप्लोरर दोन्हीकडे वेगवेगळी मोजणी करतो. खरा आकार हवा असेल तर:

डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /अ‍ॅनलाइझकंपोनंटस्टोअर

यात एक्सप्लोररने मोजलेला आणि खरा, असे दोन्ही आकडे मिळतात. शेवटी सफाईची शिफारस आहे की नाही तेही लिहून येतं. 'येस' असेल तरच शेवटचा शब्द बदलून 'स्टार्टकंपोनंटक्लीनअप' द्या.

काही लोक त्यापुढे '/रीसेटबेस' जोडायला सांगतात. त्याने थोडी जास्त जागा सुटते, पण तोवर बसलेली अपडेट नंतर काढता येत नाहीत. एखाद्या अपडेटने प्रिंटर बंद पाडला तर हात बांधले जातात. ६४ जीबीच्या अगदी लहान यंत्राखेरीज ते वापरू नये असं माझं मत.

'सी:\विंडोज\इन्स्टॉलर' हेही तसंच लपवलेलं फोल्डर. मोठं दिसतं म्हणून लोक रिकामं करतात आणि पुढे ऑफिस दुरुस्तही होत नाही, अपडेटही होत नाही, काढताही येत नाही. त्याला हात नको.

अक्षरजुळणी (अमळनेर)

विंडोज अकराच्या २४एच२ या आवृत्तीवर सुरुवातीला एक गोष्ट दिसायची. 'विंडोज अपडेट क्लीनअप'समोर साडेआठ जीबीच्या आसपास आकडा यायचा, साफ केलं तरी जात नसे. ती दाखवण्यातली चूक असल्याचं मायक्रोसॉफ्टने मान्य केलेलं आहे. पहिल्याच वेळी जागा सुटलेली असायची, आकडा तेवढा उरायचा. तसं दिसलं तर बाहेरचे 'क्लीनर' टाकू नका.

केळीपट्टा (रावेर)

सी ड्राइव्हवर 'आयनेटपब' नावाचं रिकामं फोल्डर आपोआप आलंय. तेही उरलेलंच ना?

पांझरा_सर्व्हिस (धुळे)

नाही, ते राहू द्या. एप्रिल २०२५ च्या सुरक्षा अपडेटने ते मुद्दाम तयार केलं आहे, वेब सर्व्हर वापरत नसाल तरी. ते काढू नये असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय. चुकून काढलं असेल तर 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ'मध्ये 'इंटरनेट इन्फर्मेशन सर्व्हिसेस' चालू करा, म्हणजे ते योग्य परवानग्यांसह परत येतं. मग ती सोय पुन्हा बंद केली तरी चालते. जागा म्हणाल तर ते काहीच खात नाही.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

वीज जाण्याबद्दल कुणी बोललं नाही. अपडेट क्लीनअप जुन्या हार्ड डिस्कवर तासभरसुद्धा चालतं, पट्टी मध्येच थांबल्यासारखी दिसते. टास्क मॅनेजरमध्ये 'टायवर्कर' (अपडेटचं काम करणारा विंडोजचा प्रोग्रॅम) डिस्क वापरताना दिसत असेल तर काम चालू आहे. त्या वेळी बटण दाबून बंद करू नका, आणि वीज गेली तर यूपीएस पुरेल का ते आधी बघा. बहुतेक घरगुती ६०० व्हीएचे यूपीएस १०-१५ मिनिटं देतात, बॅटरी जुनी असेल तर त्याहूनही कमी. इन्व्हर्टर असेल तर प्रश्न नाही. भारनियमनाचं वेळापत्रक बघून, सलग वीज असते त्या वेळेत हे काम घ्या. सफाईनंतर रीस्टार्ट करताना 'वर्किंग ऑन अपडेट्स' पुन्हा येतं, तेही पूर्ण होऊ द्या.

आणि एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या वर जातो तेव्हा हे काम सकाळी करा. डेस्कटॉपच्या हार्ड डिस्कची मर्यादा साधारण ६० अंशांची, आणि कॅबिनेटमध्ये कापसाचं किंवा डाळमिलचं तूस साठलेलं असेल तर ती गाठायला वेळ लागत नाही. आधी ब्लोअरने धूळ काढा.

सातपुडापायथा (यावल)

'सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन' फोल्डर रिकामं करायचं का?

तापीकाठ (भुसावळ)

अपडेट अडकत असेल किंवा आतलं 'डाउनलोड' फोल्डर पाच-सात जीबीवर गेलं असेल तरच. आधी 'नेट स्टॉप वूऑसर्व' आणि 'नेट स्टॉप बिट्स' देऊन दोन्ही सेवा थांबवा, मग फक्त 'डाउनलोड'च्या आतलं काढा, मग 'नेट स्टार्ट'ने दोन्ही सुरू करा. पहिल्या सेवेचं नाव रोमनमध्ये डब्ल्यू-यू-ए-यू-एस-ई-आर-व्ही. अख्खं फोल्डर उडवलं तर अपडेटचा इतिहास पुसला जातो आणि पुढचं अपडेट तपासायला फार वेळ लागतो.

अजून जागा हवी असेल तर हायबरनेशनची फाइल (संगणक झोपवताना रॅममधलं सगळं ज्यात ठेवलं जातं ती) बघा. ती अपग्रेडचं उरलेलं नाही, पण नेहमी विचारतात म्हणून सांगतो. ती रॅमच्या ४० टक्के असते. ८ जीबी रॅमला ३.२ जीबी. 'पॉवरसीएफजी /एच /टाइप रिड्यूस्ड' दिलं तर २० टक्क्यांवर येते आणि जलद सुरू होण्याची सोय टिकते. 'ऑफ' दिलं तर फाइल पूर्ण जाते, पण ती सोयही जाते. एसएसडीवर फरक थोडा, हार्ड डिस्कवर चांगलाच जाणवतो.

सेवाकेंद्र_शहादा

डिस्क मॅनेजमेंटमध्ये आता दोन रिकव्हरी पार्टिशन (विंडोज दुरुस्तीची साधनं ठेवलेले डिस्कचे वेगळे भाग) दिसतात. एक काढू का?

पांझरा_सर्व्हिस (धुळे)

अपग्रेडला जुनं रिकव्हरी पार्टिशन अपुरं पडलं की ते नवीन करतं आणि जुनं तसंच सोडतं. 'रीएजंटसी /इन्फो' द्या, चालू पार्टिशनचा क्रमांक कळतो. दुसरं निरुपयोगी असतं. पण ते डिस्क मॅनेजमेंटमधून निघत नाही, डिस्कपार्टमधून जोर लावून काढावं लागतं, आणि ते सी च्या लगेच उजवीकडे नसेल तर सुटलेली जागा सी ला जोडताही येत नाही. अर्ध्या जीबीसाठी चुकीचं पार्टिशन उडवण्याचा धोका घेऊ नका, ताई.

शाळालॅब_नंदुरबार

आमच्या लॅबमध्ये उबुंटू (लिनक्स) आहे. २२.०४ वरून २४.०४ वर नेल्यावर काय साफ करायचं?

सातपुडापायथा (यावल)

तिथे काम कमी, सर. 'सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज'ने जुने कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि कुणाला न लागणारी पॅकेजेस जातात. 'हो' म्हणण्याआधी यादी वाचा, डेस्कटॉपचं पॅकेज त्यात दिसलं तर 'नको' म्हणा. मग 'सुडो एपीटी क्लीन'. 'जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=२००एम'ने लॉग आटोक्यात येतात. स्नॅप पद्धतीने टाकलेल्या प्रोग्रॅमांच्या जुन्या आवृत्त्या साठतात, त्यासाठी 'रिफ्रेश डॉट रिटेन' २ वर ठेवा, त्याखाली जाता येत नाही. '/बूट' वेगळं पार्टिशन असेल तर आधी तिथे बघा. ते भरलं की नवीन कर्नल अर्धवट बसतो. सध्या चालू असलेला कर्नल 'यूनेम -आर'ने कळतो, तो आणि त्याच्या आधीचा एक ठेवा.

केळीपट्टा (रावेर)

२५एच२ ही पुढची आवृत्ती टाकल्यावर हे सगळं पुन्हा करायचं का?

तापीकाठ (भुसावळ)

२४एच२ वरून जात असाल तर नाही. ते छोट्या पॅकेजने चालू होतं, त्यात विंडोज डॉट ओल्ड तयार होत नाही. २३एच२ किंवा विंडोज दहावरून थेट गेलात तर पूर्ण अपग्रेड होतं, मग वरचा सगळा क्रम लागू. १२८ जीबीच्या एसएसडीवर सुरू करण्याआधी २५-३० जीबी मोकळे असू द्या, आणि टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा.